फुलांच्या आधी कसब



स्वागताध्यक्षाने आपल्या गावाचे गोडवे गावेत, असा रिवाज आहे. तो मोडून मी दक्षिण फ्रान्समधल्या ग्रासविषयी बोलणार आहे. सुगंधाचं शहर वसवायचं म्हटलं की आपल्याकडे आधी फुलशेतीची योजना निघते. ग्रासमध्ये क्रम उलटा होता. मध्ययुगात हे कातडी कमावणाऱ्यांचं गाव. माल जिनोआ, पिसापर्यंत जाई. सोळाव्या-सतराव्या शतकांत सुवासिक हातमोज्यांची टूम निघाली आणि चामड्याचा दर्प झाकता झाकता गाव अत्तराकडे वळलं. पुढे चामड्यावर करांचा बोजा पडला, स्पर्धा वाढली, आणि जोडधंदाच मुख्य धंदा होऊन बसला.

कोणी म्हणेल, तिथलं ऊन आणि डोंगरउतार नसते तर हे घडलं असतं का? नसतं, हे मान्य. पण तसं ऊन दक्षिण फ्रान्सच्या साऱ्या किनारपट्टीला आहे. ग्रासची नावाजलेली जाई तर मूळची आशियातली, आपल्याच बाजूची. आणि फुलमळ्यांना कालव्याचं पाणी मिळालं ते 1868 मध्ये सियान्य नदीचा कालवा झाल्यावर. खरी पुंजी हातांत होती. जाई खुडल्यावरही दरवळत राहते, पण भट्टीची आच तिला सोसत नाही. म्हणून लाकडी चौकटीतल्या काचेवर शुद्ध चरबी लिंपायची, तिच्यावर फुलं हाताने मांडायची, ती सुकली की उचलून ताजी ठेवायची, आणि चरबी गंधाने तुडुंब होईस्तोवर हेच करत राहायचं. मग मद्यार्काने गंध सोडवून घ्यायचा. किलोभर जाईला हजारो फुलं लागतात, हे ध्यानात घेतलं की या कामाचा चिवटपणा कळतो. कातड्याच्या गावाला चरबीचं वावडं नव्हतं, हे या कामी आलं असावं, असा माझा तर्क आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: रसायनशास्त्राने या कसबाला कालबाह्य केलं. गंमत अशी, की कालव्याच्याच वर्षी विल्यम पर्किनने कूमारिन हे सुगंधी द्रव्य प्रयोगशाळेत तयार केलं. तरीही 1921 च्या ‘शनेल नंबर पाच’ या अत्तरात त्याचे रचनाकार अर्नेस्ट बो यांनी कृत्रिम अल्डिहाइडांच्या जोडीला ग्रासचीच जाई घेतली. पुढे मळ्यांच्या जागी घरं उठली, जाईचा अर्क इजिप्तहून आणि आपल्या तामिळनाडूतून येऊ लागला. पण माल पारखणारे आणि मिश्रण जुळवणारे ग्रासमध्येच राहिले. युनेस्कोने 2018 मध्ये जो वारसा मानला, त्यात सुगंधी वनस्पतींच्या लागवडीबरोबर कच्च्या मालाची जाण व प्रक्रिया आणि अत्तर रचण्याची कलाही आहे. आपल्या अत्तरांच्या कनौजचंही तेच. केवडा ओडिशातल्या गंजामचा, पण केवड्याच्या अत्तराच्या बाजारात नाव कनौजचं. कारण तांब्याचा देग, म्हणजे अत्तराच्या भट्टीचं भांडं, मातीने लिंपून बंद करणारा आणि आचेचा अंदाज हाताने घेणारा कारागीर तिथला.

आपल्या या कसबाच्या जतनात उणीव एकच, आणि ती मोठी आहे. ग्रासने 1989 मध्ये अत्तराचं संग्रहालय उघडलं. आपल्याकडे मात्र बापाकडून मुलाकडे गेलेली विद्या मुलाने नोकरी धरली की तिथेच थांबते. म्हणून अत्तर-व्यवसायाच्या या परिषदेचं पहिलं सत्र आम्ही भट्टीवर बसणाऱ्या कारागिरांना दिलं आहे. अनुदानाचे ठराव दुपारी घेऊ.