पावसाच्या नोंदींची पारख

२६ जुलै २००५ चा पाऊस ठाणें-कल्याणकडील घरांतून अद्याप विसरला गेलेला नाहीं. उल्हास नदीचें पाणी तेव्हां वस्त्यांत शिरलें होतें. मुंबईंत सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. पण त्याच शहराच्या दक्षिण टोकास, कुलाब्याला, तो जेमतेम ७४ मिलिमीटर भरला. पर्जन्यमापक कोठें ठेवलें आहे यावर आंकडा किती अवलंबून असतो, हें यावरून ध्यानांत यावें.

एखाद्या गांवचें पर्जन्यमापक मध्येंच दुसऱ्या जागीं हलविलें, अथवा त्याच्या शेजारीं इमारत उभी राहिली, तर वहींतला पाऊस बदलतो. आभाळांतला बदलत नाहीं. म्हणून शंभर वर्षांचे आंकडे मांडून ‘पाऊस वाढला’ किंवा ‘घटला’ असा निर्णय देण्यापूर्वीं ते सर्व सारख्याच परिस्थितींत मोजलेले आहेत कीं नाहींत, हें पाहावें लागतें. या पारखेस एकजिनसीपणाची कसोटी म्हणतात.

तिची युक्ति साधी आहे. ठाण्याच्या वार्षिक पावसाला कल्याणच्या पावसानें भागावें. दोन्ही गांवांवर मोसमी वारे एकच येतात. त्यामुळें अतिवृष्टि असो वा अवर्षण, हें गुणोत्तर सहसा एका मर्यादेंत राहतें. समजा, एका वर्षापासून तें एकदम खालीं आलें आणि खालींच राहिलें, तर शंका घेण्यास जागा आहे. परंतु थोडा चढउतार योगायोगानेंही होतो. स्वीडनचे हान्स अलेक्झांडरसन यांनीं १९८६ सालीं मांडलेल्या कसोटींत प्रत्येक वर्ष खंडाचें मानून त्याच्या अलीकडची व पलीकडची सरासरी ताडून पाहतात. त्यांतील सर्वांत मोठा फरक योगायोगाच्या मर्यादेबाहेर गेला, तरच नोंदींत खंड पडला असें धरतात. तरीहि दोष ठाण्याचा कीं कल्याणचा, हें कळण्यास भिवंडी किंवा मुरबाड असा तिसरा साक्षीदार लागतोच.

गणित खंडाचें वर्ष दाखवितें. कारण जुन्या दप्तरांतच सांपडतें. तें लिहिलेलें नसेल, तर इलाज अवघड होतो. या बाबतींत कुलाब्याच्या चुंबकीय वेधशाळेचा धडा घेण्यासारखा आहे. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून ती अलिबागेस हलविण्यांत आली, तेव्हां १९०४ ते १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणीं बरोबरीनें वेध घेतले गेले. तीं मापें पावसाचीं नव्हतीं. पण जुन्या-नव्या नोंदींचा सांधा जुळविण्याची रीति तीच आहे.

नाल्याची रुंदी आणि पुलाची उंची अशाच वह्यांवरून ठरते. वही खोटी ठरली, तर तिची किंमत काठावरच्या घरांना मोजावी लागते.