बंबखान्याचा प्रवास

अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात पोटोमॅक आणि शेनँडोआ या नद्यांच्या संगमावर हार्पर्स फेरी नावाचे गाव आहे. 2020 च्या जनगणनेत तेथे तीनशेहूनही कमी लोकवस्ती होती. एके काळी मात्र हे गाव देशाच्या बंदुकांचे माहेरघर होते.

नदीच्या पाण्याचा जोर हेरून जॉर्ज वॉशिंग्टन यांनी सरकारी शस्त्रकारखान्यासाठी ही जागा पसंत केली. 1799 साली बांधकाम सुरू झाले आणि 1861 पर्यंत तेथे सहा लाखांहून अधिक शस्त्रे तयार झाली. एका बंदुकीचा भाग दुसरीस जसाच्या तसा बसावा, अशी निर्मितीपद्धत जॉन हॉल यांनी 1820 च्या दशकात येथेच सिद्ध केली. आज पाण्याच्या पंपाचा सुटा भाग बाजारातून आणून बसविता येतो, त्याच्या मुळाशी अशीच पद्धत आहे. 1830 च्या दशकात आधी कालवा आणि मागोमाग रेल्वे या गावी पोहोचली.

1848 साली कारखान्याच्या आवारात आगीचा बंब ठेवण्यासाठी विटांची एक लहान इमारत उभी राहिली. कोणी तिच्याकडे वळूनही पाहिले नसते. परंतु 16 ऑक्टोबर 1859 च्या रात्री गुलामांच्या मुक्तीसाठी जॉन ब्राऊन यांनी मूठभर साथीदारांसह कारखाना ताब्यात घेतला आणि अखेर ते याच बंबखान्यात अडकले. 18 तारखेस सैनिकांनी दार फोडून त्यांना पकडले. 2 डिसेंबरला त्यांना फाशी झाली. या हल्ल्यातील पहिला बळी मात्र रेल्वे स्थानकावर प्रवाशांचे सामान सांभाळणाऱ्या हेवर्ड शेपर्ड या कृष्णवर्णीय नागरिकाचा होता, आणि तो गुलाम नव्हता. महात्मा फुले यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील ज्या सज्जनांस अर्पण केला, त्यांचा लढा हाच.

1861 मध्ये माघार घेणाऱ्या सरकारी फौजेने कारखाना पेटवून दिला. पुढे महापुरांनी उरलेसुरले नेले. बंबखाना तेवढा वाचला.

त्याची खरी कथा येथून सुरू होते. 1891 साली तो विटाविटांनी उतरवून शिकागोच्या जागतिक प्रदर्शनासाठी नेण्यात आला. दहा दिवसांत अकरा प्रेक्षक आले! 1895 साली तो परत आला, पण गावाबाहेरील एका शेतात. दरम्यान रेल्वेने मार्ग बदलताना मूळ जागेवर मातीचा उंच भराव घातला होता. पुनर्बांधणीत छायाचित्र उलटे धरले गेल्याने इमारतीची डावी बाजू उजवीकडे गेली, ती आजतागायत तशीच आहे. जुन्या वास्तूंची नोंद ठेवणाऱ्या कोणाही ग्रामसेवकास वा शिक्षकास हा किस्सा पुरेसा बोलका वाटावा.

मुक्त झालेल्या गुलामांच्या शिक्षणासाठी 1867 साली गावात स्टोरर महाविद्यालय निघाले होते. 1906 साली डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस आणि त्यांचे सहकारी समान हक्कांच्या परिषदेसाठी तेथे जमले, तेव्हा ते शेतातल्या त्या इमारतीपर्यंत अनवाणी चालत गेले. 1909 साली महाविद्यालयाने ती विकत घेऊन आपल्या आवारात उभारली. महाविद्यालय 1955 साली बंद पडले. 1968 साली राष्ट्रीय उद्यान विभागाने इमारत पुन्हा संगमाजवळ आणली. मूळ स्थानापासून सुमारे 45 मीटरवर. त्याहून जवळ तिला नेता येत नव्हते.

कारखान्याच्या जुन्या पायांवर आज लाकडी रेल्वे स्थानक आहे. तेही 1931 साली हलविलेले. गाड्या अजून तेथे थांबतात. बंबखान्याच्या मूळ जागी, भरावाच्या माथ्यावर, रेल्वेनेच 1895 साली उभारलेला एक स्तंभ आहे.