पदवीचा हप्ता आणि पत्रकाराचा कणा

(पत्रकारिता व जनसंवादाच्या शिक्षकांच्या परिषदेतील अध्यक्षीय भाषण, नागपूर)



या व्यासपीठावरून माध्यमांच्या भवितव्यावर बोलण्याची रीत आहे. मी आज फीविषयी बोलणार आहे. प्रवेशाच्या दिवसांत काटोल, उमरेड, हिंगणघाटहून लेकराला घेऊन आलेले आईबाप आपल्या टेबलासमोर बसतात आणि विचारतात, "सर, हे शिकून पोरीले काम भेटन ना?" आपण त्यांना नव्या माध्यमांची, वाढत्या संधींची माहिती देतो. पगाराचा आकडा मात्र सांगत नाही.

या शहराने पत्रकार घडवले ते पदवीच्या आधीपासून. गोखल्यांच्या भारत सेवक समाजाने १९११ मध्ये इथे 'हितवाद' सुरू केला. ग. त्र्यं. माडखोलकर 'तरुण भारत'चे संपादक झाले ते 'महाराष्ट्र' पत्रात वर्षानुवर्षे केलेल्या कामाच्या बळावर. पुढे १९५२ मध्ये अमेरिकेतल्या सिरॅक्यूज विद्यापीठाचे प्राध्यापक रोलँड वोल्सली फुलब्राइट योजनेतून नागपूरला आले आणि हिस्लॉप कॉलेजात पत्रकारितेचा विभाग उभा राहिला. आपल्यापैकी अनेकांनी पदवीनंतर एका वर्षाचे 'बीजे' केले. आधी इतिहास, अर्थशास्त्र, विज्ञान असा एखादा विषय पक्का झालेला असायचा, त्यावर बातमीचे तंत्र चढायचे. खर्च एका वर्षाचा, तोही घराला झेपणारा.

आता बारावीनंतर थेट तीन वर्षांची पदवी आली आहे, आणि खासगी संस्थांत तिचा खर्च लाखांत जातो. फी, खोलीभाडे, मेस, कॅमेरा, लॅपटॉप धरून वर्षाला दोन लाख, म्हणजे एकूण सहा लाख रुपये, दहा टक्के व्याजाने घेतले असे समजा. शिक्षणाची तीन वर्षे आणि त्यापुढचे एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालू असते. सरळव्याजानेसुद्धा त्या चार वर्षांत एक लाख ऐंशी हजार चढतात. सात लाख ऐंशी हजारांची फेड दहा वर्षांत करायची तर महिन्याचा हप्ता साधारण दहा हजार तीनशे येतो. पाच वर्षांतच मोकळे व्हायचे म्हटले तर साडेसोळा हजारांच्या वर. पहिल्या नोकरीचा पगार अठरा हजार धरा आणि वजाबाकी करा. बारावीनंतर दुसरे काम धरले असते तर या तीन वर्षांत जी कमाई झाली असती, ती मी अजून मोजलेलीच नाही.

पगार कायद्याने वाढायला हवे होते. वृत्तपत्रांतल्या पगारांसाठी नेमलेल्या मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी केंद्राने नोव्हेंबर २०११ मध्ये अधिसूचित केल्या, सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१४ मध्ये त्या वैध ठरवल्या आणि २०१७ मध्ये कंत्राटी पत्रकारांनाही त्या लागू असल्याचे सांगितले. तरी हक्काच्या फरकासाठी ज्याला त्याला कामगार कार्यालयात स्वतंत्र दावा लावावा लागला. नोकरी टिकवून असा दावा लावणारे किती असणार, हे या सभागृहाला वेगळे सांगायला नको.

मला सर्वांत जास्त टोचते ते याच्या पुढचे. तालुक्याच्या वार्ताहराला बातमीचे मानधन नाममात्र मिळते आणि त्याचे घर चालते ते जाहिरातीच्या कमिशनवर. ज्या नगराध्यक्षाच्या, ज्या संस्थाचालकाच्या वाढदिवसाची पुरवणी त्याने काढली, त्याच्याविरुद्धची बातमी त्याने कशाच्या जोरावर लिहायची? अशा मुलाच्या डोक्यावर दहा वर्षांचा हप्ता असेल, तर 'नाही' म्हणण्याची ताकद आपणच त्याच्या हातून काढून घेतलेली असते. कर्जात सहकर्जदार असतात त्याचे आईवडील, पण भुर्दंड पडतो वाचकाला. त्याच्या गावच्या नळयोजनेतला घोटाळा छापून येत नाही. म्हणून फी हा माझ्या मते पत्रकारितेच्या नीतीचा प्रश्न आहे.

ही पदवी व्यर्थ आहे असे मी म्हणत नाही. जिल्हा माहिती अधिकारी व्हायचे तर पत्रकारितेची पदवी किंवा पदविका कामी येते. अध्यापनात यायचे तर पदव्युत्तर शिक्षण आणि नेट-सेटसारखी पात्रता लागते. रुग्णालये, बँका, कारखाने यांच्या जनसंपर्क विभागांतही तिला मान आहे. वृत्तपत्रात मात्र ती सक्तीची कधीच नव्हती. प्रेस कौन्सिलचे तेव्हाचे अध्यक्ष मार्कंडेय काटजू यांनी २०१३ मध्ये समिती नेमून पत्रकारांसाठी किमान पात्रता ठरवण्याचा विचार पुढे आणला, पण त्याचा नियम झाला नाही. तो झाला नाही हे मला बरे वाटते. गरिबाच्या पोरासाठी आणखी एक दार फीच्या मागे गेले असते.

माझे मत स्पष्ट सांगतो. ज्याला बातमीदारच व्हायचे आहे त्याने कर्ज काढून ही पदवी घेऊ नये. अनुदानित महाविद्यालयात एखादा विषय मन लावून शिकावा, मराठी आणि इंग्रजी दोन्ही घोटाव्यात, महापालिकेचे अंदाजपत्रक आणि सातबारा वाचायला शिकावे, मग विद्यापीठाच्या विभागात किंवा अमरावतीच्या भारतीय जनसंचार संस्थेच्या केंद्रात वर्षभराचे प्रशिक्षण घ्यावे. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर वेळेत भरून घेणे हे आपले, शिक्षकांचे काम आहे. ते कारकुनावर सोडू नका. खासगी संस्थांत शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना हे ऐकून अवघडल्यासारखे होईल. त्यांचा पगार याच फीतून होतो, हे मला माहीत आहे. तरी त्यांनीही बोलावे, कारण मुलांचा विश्वास त्यांच्यावर आहे.

दुपारच्या सत्रात मी एक ठराव मांडणार आहे. प्रत्येक विभागाने आपल्या माहितीपत्रकात मागच्या तीन तुकड्यांचा तक्ता छापावा: अभ्यासक्रमाचा एकूण खर्च किती, नोकरीला किती लागले, कोणत्या कामाला, पहिला पगार काय आणि तीन वर्षांनी काय. क्षेत्र सोडून गेलेल्यांचाही त्यात रकाना असावा, आणि त्यांना फोन करून तो सर्वांत आधी भरावा. येत्या जूनमध्ये प्रवेश सुरू होण्यापूर्वी हा तक्ता पालकांच्या हातात पडला पाहिजे.