वधू-वर सूचीतील ‘वर्ण’
(ज्ञातिमंडळाच्या निलंगा येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



मी काही पदवीधर नव्हे. मॅट्रिक होऊन शाळामास्तर झालो आणि खडू-फळ्याच्या सोबतीत आयुष्य काढून निवृत्त झालो. तेव्हा माझ्याकडून पांडित्याची अपेक्षा आपण ठेवू नये. कार्यकारी मंडळाने विषयाची निवड माझ्यावरच सोपविली, आणि तो मी आपल्या स्मरणिकेतूनच घेतला आहे.

स्मरणिकेतील लेख आणि देणगीदारांची नामावली ही पाने आपण चाळतो व बाजूला ठेवतो. घरोघर जपून ठेवली जातात आणि पेन्सिलीने खुणा करून वाचली जातात ती शेवटची पाने, म्हणजे वधू-वर सूची. तीत नाव, जन्मतारीख, उंची, शिक्षण, व्यवसाय हे रकाने आहेत, आणि त्यांच्याच पंक्तीला एक रकाना आहे ‘वर्ण’ हा. गेल्या काही वर्षांच्या सूच्या मी काढून पाहिल्या. ‘गोरा’, ‘निमगोरा’, ‘उजळ’, ‘गहूवर्णी’ हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. ‘सावळी’ असे क्वचित आढळते, परंतु तेथे लागलीच ‘पण नाकीडोळी नीटस’ अशी पुस्ती जोडलेली असते. ‘काळा’ हा शब्द मला एकदाही सापडला नाही. आता आपण सर्वांनी या मांडवात जरा इकडे तिकडे दृष्टी टाकावी. मांजराच्या उन्हात पिढ्यान् पिढ्या राबलेली ही माणसे आणि ती सूची, यांचा मेळ बसतो काय? (हशा.) मांजरा म्हणजे आपली नदी हो, गैरसमज नको.

हसण्यावारी नेण्याजोगा हा विषय नाही, हे सांगण्यासाठी मला थोडे दूर जावे लागेल. माणसाच्या वर्णासाठी सरकारी कागदावर रकाना आखला म्हणजे काय घडते, हे दक्षिण आफ्रिकेने जगाला दाखविले. तेथे १९५० साली लोकसंख्या-नोंदणीचा कायदा झाला आणि प्रत्येक माणसाचा वंश सरकारदफ्तरी नोंदला जाऊ लागला. संशय आला तर केसांत पेन्सिल खुपसून पाहत. ती अडकून राहिली की माणूस गोरा नव्हे! एकाच घरातील भावंडे निरनिराळ्या वंशांत मोडली गेल्याची उदाहरणे आहेत. राहण्याची वस्ती, शाळा, लग्न आणि मतदान या सर्वांचा निकाल त्या एका नोंदीवर लागे. १९९४ साली सर्वांना मताधिकार मिळून निवडणूक झाली तेव्हा ती राजवट संपली.

या व्यवस्थेत काळ्या माणसाचे हाल किती झाले हे सर्वश्रुत आहे. पण गोऱ्या माणसाला त्यात काय मिळाले, याचाही विचार व्हावयास हवा. त्याला काही मागावे लागत नसे, काही सिद्ध करावे लागत नसे. बाकावर तो बसला की बाक त्याचा. असा बिनमागता मिळणारा मान घेणाऱ्याला कधी दिसतच नाही. तो ज्याला नाकारला जातो त्यालाच तो दिसतो.

आता अमेरिकेतील एक खटला सांगतो, कारण ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून तो सांगितलाच पाहिजे. भगतसिंग थिंद नावाचे पंजाबी शीख गृहस्थ तेथे स्थायिक झाले होते. पहिल्या महायुद्धात त्यांनी अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केली होती. त्या काळच्या कायद्याने बाहेरून आलेल्यांपैकी केवळ गोऱ्यांना व आफ्रिकी वंशाच्यांना नागरिकत्व मिळत असे. थिंद यांनी हा कायदा अन्यायाचा आहे असे म्हटले नाही. मी उच्च जातीचा आर्य आहे, सबब मी गोराच आहे, असा त्यांचा दावा होता. त्यांच्या वकिलांनी याही पुढे जाऊन असा युक्तिवाद केला की, विवाहसंबंधांच्या बाबतीत अमेरिकन गोरा जसा काळ्या माणसाला दूर ठेवतो, तसाच उच्च जातीचा हिंदू आपल्याकडील मूलनिवासींना दूर ठेवतो. (तेथे त्या काळी हिंदुस्थानातून आलेला प्रत्येक मनुष्य, शीख असो की मुसलमान, ‘हिंदू’च म्हटला जाई.) म्हणजे आमच्या घरी आम्हीही तुमच्यासारखेच वागतो, तेव्हा आम्हाला तुमच्या पंक्तीला घ्या! १९२३ च्या फेब्रुवारीत तेथील सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की, पंडितांच्या लेखी आर्य कोणीही असो, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो त्यात हे गृहस्थ बसत नाहीत. त्या निकालाच्या आधारे, पूर्वी नागरिकत्व मिळालेल्या अनेक हिंदी लोकांचेही नागरिकत्व काढून घेण्यात आले. पुढे १९४६ साली कायदा बदलला तेव्हा कोठे हिंदी लोकांना तो हक्क मिळाला.

थिंद यांच्यावर दोष ठेवण्याचा माझा हेतू नाही. परक्या मुलुखात माणूस बुडताना मिळेल त्या काडीला धरतो. पण मदतीला धावून येईल म्हणून त्यांनी जी काडी धरली, ती जातीची होती.

महाराष्ट्राने याच्या नेमकी उलट वाट फार पूर्वी दाखविली होती. महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ १८७३ साली लिहिला, आणि तो अर्पण केला अमेरिकेतील सदाचारी लोकांना. तेथील काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी ते झटले म्हणून. पुण्यात बसलेल्या माणसाला सात समुद्रांपलीकडच्या काळ्या मजुराच्या बेडीत आणि आपल्या गावकुसाबाहेरच्या माणसाच्या बेडीत एकच लोखंड दिसले. पुढे १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे पुढारी ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले, तेही याच भावनेने.

यावर कोणी म्हणेल, मास्तर, जुलमाचे सोडा. पण रंग व ठेवण यांत जातीपरत्वे काही अंतर असतेच ना? हा प्रश्न टाळण्याजोगा नाही, कारण एके काळी तो मोजपट्टी घेऊन सोडविण्याचा प्रयत्न झाला. १९०१ च्या शिरगणतीचे मुख्य अधिकारी रिस्ले यांचे म्हणणे असे की, नाक जितके रुंद तितकी जात खालची. या सिद्धान्ताची तपासणी केली ती आपल्याच माणसांनी. मालवणचे डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९३२ च्या ग्रंथात दाखविले की, उत्तरेकडील एक प्रांत सोडला तर नाकाचे आणि जातीच्या पायरीचे हे गणित जुळत नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली स्पष्ट सांगितले की, पंजाबातील ब्राह्मण आणि पंजाबातील चांभार वंशाने एकच. जातिभेद म्हणजे वंशभेद नव्हे.

आणि इरावतीबाई कर्वे! महर्षी कर्व्यांच्या या सूनबाई १९२० नंतरच्या दशकात बर्लिनला गेल्या. त्यांचे गुरू ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाचे कट्टर पुरस्कर्ते होते, आणि त्यांच्या विचारांचा आधार पुढे हिटलरच्या राजवटीने घेतला. गोऱ्या माणसाची कवटी उजव्या-डाव्या बाजूंनी अधिक असमान असते व ते त्याच्या श्रेष्ठ बुद्धीचे लक्षण होय, अशी गुरूंची कल्पना. इरावतीबाईंनी कवट्यांमागून कवट्या मोजल्या आणि प्रबंधात लिहिले की, वंशावंशांत असा भेद दिसत नाही. परदेशात, विद्यार्थिदशेत, एका तरुण मराठी बाईने मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध खरा आकडा लिहिणे ही काय साधी गोष्ट आहे? त्यांचे ‘युगान्त’ पुष्कळांच्या कपाटात असते. ही गोष्ट मात्र थोड्यांना ठाऊक असते.

कातडीचे शास्त्र तर अगदी सोपे आहे. रंग निर्माण करणाऱ्या पेशी गोऱ्याच्या व काळ्याच्या अंगात साधारण सारख्याच संख्येने असतात. त्या रंग किती बनवितात एवढाच फरक. जेथे ऊन प्रखर तेथे हजारो वर्षांत माणूस काळा झाला, कारण तो रंग त्याचे रक्षण करतो. आपल्या काळ्या रानाला आपण आई म्हणतो, सावळ्या विठ्ठलाच्या दर्शनाला पायी पंढरपूर गाठतो, गळा निळा झालेल्या नीलकंठेश्वरापुढे याच निलंग्यात हात जोडतो. आणि घरी आल्यावर सुनेसाठी ‘गोरी पाहिजे’ अशी अट घालतो.

आपल्या मराठवाड्यापुरते बोलायचे तर मलिक अंबरचे नाव घ्यावे लागेल. हबसाणात जन्मलेला, बाजारात अनेकदा विकला गेलेला हा काळा मनुष्य निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. १६१० साली त्याने खडकी वसविली, तेच पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. तेथे त्याने नहरीने पाणी आणले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. त्याला कायमचा नमवू न शकलेल्या जहांगिर बादशहाने आपल्या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतले. त्यात बादशहा भाल्यावर लावलेल्या अंबरच्या मस्तकावर बाण सोडीत आहे! बादशहाने आत्मचरित्रातही त्याच्या काळ्या रंगावरून त्याला हिणविले. अंबर १६२६ साली मरण पावला. खुलताबादेस त्याची कबर आहे. तो काळ रामराज्याचा होता असे मी म्हणत नाही. माणसे विकणारा बाजार त्या काळी होताच.

असो. पुन्हा आपल्या रकान्याकडे येतो. काही जण म्हणतील, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न. आवड असू द्या. पण ती छापण्याचे काम ज्ञातीने का करावे? मुलीचा रंग सावळा म्हटला की पुढच्या बैठकीत बोलणी कोणत्या दिशेने वळतात, हे येथील प्रत्येक मुलीच्या बापाला माहीत आहे. हुंडाबंदीचा कायदा १९६१ साली झाला, तरी रंगाची तूट सोन्याने भरून काढण्याचा व्यवहार थांबलेला नाही. मी ज्या शाळांतून नोकरी केली त्यांपैकी एकीत, स्नेहसंमेलनात भारतमातेचे काम नेहमी वर्गातल्या सर्वांत गोऱ्या मुलीला मिळे. गाणे उत्तम म्हणणारी एक मुलगी पडद्यामागून गाई. तिला कोणी ‘नाही’ म्हटले नव्हते. तिचे नाव कोणी सुचविलेच नव्हते. तिचे वय तेव्हा दहा असेल.

व्यापारी लोक आपल्यापेक्षा चतुर. गोरेपणाचे मलम १९७५ पासून ‘फेअर अँड लव्हली’ या नावाने खपत होते. अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली मृत्यू झाल्यावर, २०२० साली, कंपनीने त्यातला ‘फेअर’ हा शब्द काढून ‘ग्लो’ केला. डबी तशीच राहिली. परंतु त्याच वर्षी शादी डॉट कॉम या लग्न जुळविणाऱ्या संस्थेने, परदेशस्थ हिंदी मुलींनी अर्ज केल्यावरून, रंगावरून स्थळे निवडण्याची सोय बंद केली. लक्षावधी स्थळे हाताळणारी ती व्यापारी संस्था. तिला हे जमले. आपली सूची काही पानांची.

माझी सूचना इतकीच आहे. पुढील वर्षाच्या नोंदणी-अर्जातून ‘वर्ण’ हा रकाना काढून टाकावा आणि त्या जागी ‘रक्तगट’ हा रकाना घालावा. ज्यांना छायाचित्र द्यावयाचे असेल त्यांनी ते द्यावे, पण मंडळाने स्वतःच्या शब्दांत कोणाचाही रंग छापू नये. अर्जाचा मसुदा दिवाळीपूर्वी छापखान्यात जातो, हे चिटणीसांनी मला सांगितले आहे. ठराव मी लिहूनच आणला आहे. अनुमोदनासाठी दोन नावे हवीत; त्यांपैकी एक एखाद्या मुलीच्या आईचे असावे अशी माझी विनंती आहे.