रसभरीची मुदत ठेव
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



सेक्रेटरी साहेब म्हणाले, बँकेच्या आठवणी सांगा. पण मी रसभरीवर बोलणार आहे. कारण मागच्या मोकळ्या पट्ट्यात सिमेंटचे ब्लॉक बसवायचा विषय पुढच्या सभेत आहे, आणि माझी आठ झाडं तिथेच आहेत.

आमच्या पिढीने पवनारच्या वावरात, पऱ्हाटीच्या ओळींतून चिरबोट्या वेचून खाल्ल्या. आता तणनाशकामुळे त्या क्वचितच दिसतात. रसभरी ही तिची मोठी बहीण, मूळची दक्षिण अमेरिकेतली. दोघीही वांगी-टमाट्याच्या कुळातल्या.

रोपं आमच्या हिने लावली. जूनमध्ये बी टाकायचं, पाच-सहा पानं आली की दीड-दोन हातांवर लावायचं, पाणी साचू द्यायचं नाही. थंडीत फळं येतात.

पहिल्या वर्षी मी हिरवीच फळं नातवाला दिली. रात्रभर त्याचं पोट दुखलं, मला बोलणी बसली. कच्चं फळ आणि पाला विषारी असतो. टरफल कागदासारखं वाळून, फळ पिवळं होऊन आपोआप गळलं की मगच खावं. मुदत ठेव मुदतीआधी मोडली की तोटाच!

ही होती तोवर मी कधी गॅस पेटवला नाही. ती गेली त्या थंडीत झाडं फळांनी वाकली होती. सडताना बघवेना. मग आठवून आठवून तिची चटणी केली. तेलात जिरं, दोन सुक्या मिरच्या, वाटीभर फळं फुटेपर्यंत परतायची, मग मीठ आणि लिंबाएवढा गूळ. पाणी नाही, रसभरीत पेक्टिन असतं, ती आपोआप दाटते. पहिल्यांदा करपली. दुसऱ्यांदा शेजारची सूनबाई म्हणाली, "काका, काकूंची आठवण झाली."

आपल्याच पवनारला, धामच्या काठी, विनोबांनी कांचनमुक्तीचा प्रयोग केला. पैशावाचून, स्वतः पिकवून जगायचं. मी जन्मभर पैसेच मोजले. मला ते उशिरा, आणि तेही चटणीपुरतंच कळलं.

म्हणून विनंती एवढीच. पार्किंगची अडचण मलाही दिसते. ब्लॉक जरूर बसवा, पण भिंतीलगत तीन फूट माती राहू द्या. जूनमध्ये ज्यांना हवी त्यांनी माझ्याकडून रोपं न्यावीत. व्याज म्हणून थंडीत एक वाटी चटणी आणून द्यावी.