थंडीत फोर्क का बसतो? परभणीच्या पहाटेचं गणित

डिसेंबर लागला की आमच्या परभणीच्या सायकल ग्रुपमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं: "माझा फोर्क गेला वाटतं, हवा धरत नाही." मग तो काढून पुण्याला पाठवायचा, पंधरा दिवस सायकल भिंतीला आणि खिशाला चाट. गेल्या हिवाळ्यात असे निघालेले दोन फोर्क आम्ही थांबवले. दोन्ही ठणठणीत होते. फरक पडला होता तो थंडीमुळे. आज त्यावरच बोलू.

परभणी म्हटलं की लोकांना ऊन आठवतं. पण इथल्या कृषी विद्यापीठात डिसेंबर २०१८ च्या शेवटी पारा ३ अंशांच्या आसपास उतरला होता. शिवाय आपली थंडी कोरडी. पहाटे ८ अंश, दुपारी २८. म्हणजे एकाच राइडमध्ये वीस अंशांचा फरक.

एअर फोर्कमध्ये स्प्रिंगचं काम कोंडलेली हवा करते. हवा गार झाली की तिचा दाब उतरतो. हिशोब केल्विनमध्ये करायचा आणि बाहेरच्या हवेचा दाब, आपल्याकडे साधारण १४ पीएसआय, आधी मिळवायचा. ३० अंशांना १०० पीएसआय भरलेला फोर्क ५ अंशांना ९१ च्या जवळ येतो. एक कणही हवा न गळता! टायरचंही तसंच: ३० चे २६ होतात.

दुसरी गोष्ट डॅम्परमधल्या तेलाची. थंडीत तेल घट्ट होतं, म्हणून दाबलेला फोर्क परत वर यायला वेळ लावतो. ऊसाच्या ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्यांवर लागोपाठ दणके बसले, की तो पूर्ण वर यायच्या आत पुढचा दणका येतो. पुढचं चाक खाली बसत जातं, भार मनगटांवर येतो. जिंतूरजवळ नेमगिरीच्या उतारावर हे अंगलट येऊ शकतं. म्हणून हा विषय नुसता पैशांचा नाही.

युरोप-कॅनडातले व्हिडिओ बघून सील बदलायची घाई मात्र करू नका. ते उणे १०, उणे १५ अंशांबद्दल बोलतात. आपल्या ५-८ अंशांना सील कडक होऊन निकामी होत नाही. आणि कॉइल स्प्रिंगचा फोर्क असेल तर दाबाचा प्रश्नच नाही, फक्त तेलाचा विचार करा.

मग करायचं काय? सायकल अर्धा तास बाहेर उभी करा. रोजची बॅग, हेल्मेट घालून बसा आणि सॅग मोजा. १०० मिलिमीटरच्या फोर्कला २० ते २५ मिलिमीटर ठीक. जास्त असेल तरच थोडी हवा भरा. रिबाउंड एक-दोन क्लिक मोकळा करा, पण दोन्ही एकदम बदलू नका. एका वेळी एकच बदल, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही. कोड डीबग करताना करतो ना, तसंच.

आता आपला खास पेच. सकाळी ८ अंशांना १०० भरले तर दुपारी २८ अंशांना ते १०८ होतात. म्हणून उतार ज्या वेळी येणार, त्या वेळच्या तापमानाला सेटिंग करा. येलदरीहून दुपारी परतायचं असेल तर पहाटे थोडा मऊ फोर्क चालवून घ्या, पहिले काही किलोमीटर हळू जा.

आणि गळती खरी की खोटी, हे कसं ओळखायचं? पंप रोज लावू नका. लावला की थोडी हवा नळीत जाते आणि काटा कमीच दाखवतो. त्यापेक्षा चार दिवस एकाच वेळी, एकाच जागी सॅग मोजा. तापमान सारखं असूनही सॅग वाढत गेला, किंवा नळ्यांवर तेलाचं कडं दिसलं, तर खुशाल पुण्याला पाठवा. नाहीतर तो पैसा चांगल्या हातमोज्यांवर घाला, पहाटे जास्त कामाला येतील.

भेटू पुढच्या भागात. सांभाळून चालवा!