मुंबई–नागपूर : हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ

मुंबई आणि नागपूर येथील विमानतळांमधील हवाई अंतर, म्हणजे पृथ्वीच्या वक्र पृष्ठभागावरून त्या दोन ठिकाणांना जोडणाऱ्या सर्वांत लहान मार्गाची लांबी, सुमारे 680 किलोमीटर आहे. जेट विमान उंचावर ताशी 800 किलोमीटरच्या आसपास वेगाने जाते. म्हणून पुष्कळ प्रवासी अंतराला वेगाने भागून पन्नास मिनिटांचा हिशेब मांडतात आणि वेळापत्रकात दीड तासाच्या जवळपासचा आकडा दिसला की विमान कंपनीवर संशय घेतात. संशय घ्यायचाच असेल तर तो आपल्या भागाकारावर घ्यावा.

वेळापत्रकात छापलेला वेळ केवळ उड्डाणाचा नसतो. विमान आपली उभे राहण्याची जागा सोडते तेव्हापासून दुसऱ्या विमानतळावर ठरलेल्या जागी येऊन थांबते तोपर्यंतचा तो सगळा काळ असून त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. हे लग्नाच्या पंगतीसारखेच आहे: तिथे प्रत्यक्ष जेवण वीस मिनिटांत आटोपते. परंतु पाने मांडणे, मीठ-लिंबापासून भातापर्यंत वाढप होणे, श्लोक म्हणणे आणि शेवटच्या माणसाचा ताकभात संपेपर्यंत इतरांनी बसून राहणे, हे सारे पंगतीच्याच वेळात मोडते. त्यातच मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. म्हणजे मांडव मोठा, पण पंगत एकच, आणि पहिली उठेपर्यंत दुसरीतील मंडळी दाराशी ताटकळतात, तशी विमाने आकाशात घिरट्या घालतात.

शिवाय मोठा वेग फक्त उंचावरच मिळतो. दहा हजार फुटांखाली विमानांना सर्वसाधारणपणे 250 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 463 किलोमीटर, ही वेगमर्यादा असते, आणि एवढ्या जवळच्या प्रवासात चढण्या-उतरण्यातच बराच वेळ जातो. उंचावरील वाऱ्यांचाही यात वाटा आहे: हिवाळ्यात ते पश्चिमेकडून वाहत असल्याने नागपूरकडे जाताना साथ देतात व परतताना अडवतात, तर पावसाळ्यात दक्षिण भारतावर त्यांची दिशा उलटते.

मूळ मुद्दा निसटू नये म्हणून तो पुन्हा मांडणे भाग आहे: अंतर भागिले वेग म्हणजे प्रवासाचा वेळ नव्हे. ब्लॉक टाइमदेखील प्रवाशाचा संपूर्ण वेळ नव्हे, कारण देशांतर्गत प्रवासात बहुतेक कंपन्या सामान स्वीकारणे तासभर आधी थांबवतात आणि उतरल्यावर ते सामान पट्ट्यावर येण्याची वाट पाहणे उरतेच. नागपूरहून पुढची रेल्वेगाडी पकडणाऱ्यांनी तरी तिकीट काढण्यापूर्वी नकाशातील किलोमीटर बाजूला ठेवावेत आणि घराच्या उंबऱ्यापासूनचा वेळ मोजावा.